टायरची क्षेपणभूमी आखणाऱ्याने ‘एएसटीएम डी ६२७०’ विकत घ्यावी का?

जुने टायर जमिनीत पुरणे हा अगदी शेवटचा उपाय असावा, याबद्दल आता फारसे दुमत उरलेले नाही. युरोपीय संघाने अख्खे टायर क्षेपणभूमीत टाकण्यावर २००३ पासून आणि तुकडे केलेल्या टायरवर २००६ पासून बंदी आणली, तर भारतात जुलै २०२२ च्या नियमांनी टायरच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर आणि आयातदारांवर टाकली. तरीही वर्षानुवर्षे साठलेला ढीग उपसून सुरक्षित जागी ठेवायची वेळ येते, आणि मग फक्त टायरसाठी वेगळा कप्पा आखावा लागतो. या कामासाठी अमेरिकेतील ‘एएसटीएम’ या मानक संस्थेची, बांधकामात दगड-मातीऐवजी टाकाऊ टायर वापरण्याविषयीची डी ६२७० ही मार्गदर्शिका स्थापत्य अभियंत्याने विकत घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे; मात्र तिच्यात काय मिळणार नाही, हेही घेण्यापूर्वी माहीत असावे.

ही मार्गदर्शिका प्रथम १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्यामागे कटू अनुभव आहे. १९९५-९६ च्या सुमारास वॉशिंग्टन राज्यात रस्त्यांच्या दोन भरावांत आणि कोलोराडोमध्ये एका आधारभिंतीमागे भरलेल्या टायरच्या तुकड्यांनी, बाहेरून कोणी आग न लावता, आतूनच पेट घेतला. या तिन्ही ठिकाणी थराची जाडी सुमारे ८ मीटर किंवा त्याहून अधिक होती. टायरमधली उघडी पडलेली पोलादी तार गंजताना उष्णता निर्माण होते, रबराचा बारीक चुरा तिला साथ देतो, हवा आणि पाणी आत शिरत राहिले की ही क्रिया थांबत नाही, आणि थर जाड असल्यामुळे उष्णतेला बाहेर पडायला वाट मिळत नाही.

म्हणूनच या मार्गदर्शिकेतील सर्वांत मोलाचा भाग म्हणजे भरावाचे दोन वर्ग. पहिल्या वर्गात १ मीटरपेक्षा कमी जाडीचे थर येतात आणि दुसऱ्यात १ ते ३ मीटर जाडीचे. दुसऱ्या वर्गात ३८ मिलिमीटरच्या चाळणीतून २५ टक्क्यांपेक्षा जास्त आणि ४.७५ मिलिमीटरच्या चाळणीतून १ टक्क्यापेक्षा जास्त माल पडता कामा नये; सुट्या तारेचे प्रमाणही वजनाच्या १ टक्क्याखालीच हवे. तुकड्यातून तार किती बाहेर आलेली चालेल, याचीही मर्यादा दिलेली आहे. श्रेडरची, म्हणजे टायरचे तुकडे करणाऱ्या यंत्राची, पाती बोथट झाली की तार तुटत नाही, ती ओढली जाऊन बाहेर लोंबते. त्यामुळे मालाचा नमुना तपासण्याइतकीच पात्यांची तपासणीही महत्त्वाची, असे मी प्रत्येक तरुण अभियंत्याला सांगेन. तेल किंवा ग्रीस लागलेला माल वर्ज्य, पूर्वीच्या आगीतून उरलेला मालही वर्ज्य, आणि पालापाचोळा मिसळलेली वरची माती तुकड्यांना थेट लागू द्यायची नाही, या अटी वाचायला साध्या वाटतात, पण प्रत्यक्ष जागेवर नेमक्या याच मोडल्या जातात.

आपल्याकडच्या आखणीत खरी ओढाताण होते ती पाण्याच्या निचऱ्यावरून. दुसऱ्या वर्गाच्या भरावाच्या तळाशी, जिथून हवा मोकळेपणी आत जाईल अशी निचऱ्याची रचना टाळावी, असे मार्गदर्शिका सांगते, आणि आगीच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण कोकणासारख्या पावसाच्या प्रदेशात आत शिरलेले पाणी काढून घेतले नाही, तर लोह, मँगनीज आणि जस्त घेऊन ते भूजलाकडे झिरपू शकते. त्यामुळे तळ पावसाळ्यातील भूजलपातळीच्या वर ठेवणे, वरचे आच्छादन चिकणमातीचे व पुरेशा उताराचे करणे, आणि निचऱ्याच्या नळीचे तोंड कायम पाण्याखाली राहील अशी कुंडी बांधून हवेची वाट बंद करणे, ही जुळवाजुळव अभियंत्याला स्वतःच करावी लागते.

दाबाखाली तुकडे किती बसतात, त्यांची घनता किती, त्यांतून पाणी किती वेगाने वाहते, याची मार्गदर्शिकेतील माहिती उपयुक्त आहे. आच्छादन खचू नये म्हणून अंतिम पातळी किती वर ठेवावी, याचा हिशेब तिच्यावरून करता येतो.

अख्ख्या टायरच्या बाबतीत मात्र ही मार्गदर्शिका अपुरी पडते, कारण तिच्या व्याप्तीत अख्खे टायर येत असले, तरी भरावाचे वरील नियम तुकड्यांसाठी आहेत. अख्खे टायर पुरले तर त्यांच्या पोकळ्यांत वायू साठतो आणि कालांतराने ते आच्छादन फोडून वर येतात, म्हणून तुकडे करणे अटळ ठरते. परंतु श्रेडरपर्यंत पोहोचण्याआधी आवारात थांबलेला ढीग हाच बहुतेक वेळा सर्वांत धोकादायक असतो. कॅनडात हेगर्सव्हिल येथे फेब्रुवारी १९९० मध्ये सुमारे १.४ कोटी टायरचा साठा १७ दिवस जळत होता. ढिगांची उंची, दोन ढिगांमधले अंतर, अग्निशमनाच्या गाडीसाठी मोकळा रस्ता आणि डेंग्यूच्या डासांना जागा मिळू नये म्हणून पावसापूर्वी घालायचे छप्पर, यासाठी अग्निसुरक्षेचे आणि आरोग्याचे नियम वेगळे पाहावे लागतील.

निविदा काढणाऱ्यांना एक आग्रहाची सूचना आहे. ‘काम डी ६२७० प्रमाणे करावे’ एवढे एक वाक्य लिहून थांबू नये, कारण ठेकेदाराकडे तिची प्रत असेलच असे नाही. थराची कमाल जाडी, दोन्ही चाळण्यांच्या मर्यादा, सुट्या तारेचे प्रमाण आणि प्रत्येक खेपेच्या चाळणी-चाचणीचा अहवाल या बाबी आकड्यांसह निविदेत मराठीतच उतरवाव्यात, आणि अहवाल आल्याशिवाय त्या खेपेचा माल कप्प्यात पसरू देऊ नये.