गणित संच, आठ महिन्यांनंतर: दहा सुटे आणि एक दांडी

परवा संचातली शंभर मण्यांची माळ तुटली आणि मणी दिवाणाखाली गेले. पोटावर झोपून ते काढताना ठरवलं की आता लिहूनच टाकावं.

संच नेहमीचाच, १२१ नगांचा. एककाचे १०० सुटे ठोकळे, दशकाच्या १० दांड्या, शतकाच्या १० पाट्या आणि हजाराचा एक ठोकळा. सोबत माळ आणि चिमटा. किंमत १,२९९ रुपये. बायको तेव्हाच म्हणाली होती, आईस्क्रीमच्या काड्या आणि रबरबँड आणले असते तर भागलं असतं. पण नात दुसरीत गेली होती, पंचवीस सांगितलं की ५२ लिहायची, आणि आजोबांना काहीतरी मोठं करून दाखवायचं होतं.

पहिल्याच संध्याकाळी तिनं दहा सुटे ओळीत लावले, शेजारी दांडी ठेवली. म्हणाली, "आबा, हे दहा जास्त आहेत."

मी म्हटलं, फट राहिली असेल. स्टीलपट्टीनं दाबून बसवले. तरी जास्तच. मी ३१ वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये काढलीत, बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर अजून कपाटात असतो. काढला. दांडी १००.१ मिलिमीटर. सुटे १०.२६, १०.३०, १०.२८ असे. दहांचे मिळून १०२.८. जवळजवळ पावणेतीन मिलिमीटरचा फरक.

पाव मिलिमीटर खेळण्याला चालून जातो, हे मलाही कळतं. काही सुटे मोठे, काही लहान असते तर त्यांनी आपसात भागवून घेतलं असतं. इथं सगळेच मोठे, त्यामुळे फरक दहा वेळा एकाच बाजूला साठत जातो. म्हणजे दोष मापाचा, साच्यातला. प्लास्टिक थंड होताना आकसतं, तेवढं धरून साचा मोठा ठेवतात. दांडीला तो हिशेब जमला, सुट्याला नाही, असा माझा अंदाज. शिवाय कडेला बर, म्हणजे प्लास्टिकची खरखरीत धार, आहे ती वेगळीच. या वस्तूचं सगळं म्हणणं एवढंच की दहा एकक म्हणजे एक दशक, हात लावून बघ. आणि नेमकं तिथंच माप चुकावं?

तक्रार केली. फोनवरच्या बाई म्हणाल्या, "सर, एवढं मुलांच्या लक्षात येत नाही." मी म्हटलं, "बाई, मुलीनंच दाखवलं मला." पंचवीस दिवसांनी दुसरा संच आला. त्याच साच्यातला, तेच माप. पुन्हा फोन. मग १०० रुपयांचं कूपन देऊ केलं, ते मी नाकारलं. शेवटचं उत्तर आलं की हे शैक्षणिक साहित्य आहे, मोजमापाचं उपकरण नाही. हे वाक्य मी बायकोला दोनदा वाचून दाखवलं.

नाइलाजानं जाड काचेवर १२० नंबरचा पॉलिश पेपर पसरला आणि एकेक सुटा घासायला बसलो. दोन रविवारांत चाळीस झाले, मग खांदा धरला. त्या चाळिसांचा डबा वेगळा ठेवला. त्यातले कुठलेही दहा उचला, दांडीशी बरोब्बर जुळायचे.

इथं माझं मत जरा हललं, तेही सांगायला हवं. नात दहाची नोट घेऊन वाण्याकडे जाते, पाचाचा बिस्किटपुडा आणि पाच सुटे घेऊन येते. दहा नाणी आणि एक नोट दिसायला सारखी नसतात, पण त्याबद्दल तिनं कधी तक्रार केली नाही. मग दांडीसाठी मी एवढा का भांडलो? दोन दिवस विचार केला. नोटेवर दहा छापलेलं असतं, ती विश्वासावर चालते. दांडीवर काही छापलेलं नाही, तिनं स्वतःच्या लांबीनं ते सिद्ध करायचं असतं. हे मी अजून धरून आहे. पण दसऱ्यापर्यंत पोरगी लांबीकडे बघेनाशीच झाली होती. ४२ वजा १७ मांडलं की म्हणायची, दोनातून सात जात नाहीत, एक दांडी पेटीत, दहा सुटे बाहेर, आता बारातून सात. आम्ही नुसता हातचा घ्यायचो, तो येतो कुठून हे कुणी विचारायचं नाही. शिवाय दोन दांड्या आणि पाच सुटे समोर दिसू लागल्यावर ५२ लिहिणंही थांबलं. घासलेले आणि न घासलेले सुटे तिनं कधीच एकत्र करून टाकले होते, हे मला नंतर कळलं.

जाता जाता एक. दांड्या दहाच दिल्यात, त्यामुळे ४८ अधिक ७५ मांडताच येत नाही, अकरा लागतात. खरं तर ही मोठी उणीव. पण पहिला संच त्यांनी परत मागितला नाही, त्यामुळे आमच्याकडे वीस आहेत.

आता माळ. ही मी फुकटची म्हणून धरली होती. दहा लाल, दहा पांढरे, असे आलटून पालटून शंभर मणी. नातीचं घोडं एकोणचाळीसपाशी अडायचं. आपल्या संख्यानामांचा हा घोळच आहे, पंचवीसमध्ये पाच आधी म्हणायचे आणि लिहायचे नंतर. एकोणचाळीसमध्ये तर नऊही ऐकू येत नाहीत आणि तीसही नाहीत. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला वीस एक असं वाचन आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर मुलांची अडचण समजावून सांगत होत्या आणि मी पारावर बसून हसणाऱ्यांत होतो. आता हसत नाही. पण एकोणचाळीसबद्दल माळेनं मला दुसरी बाजू दाखवली. नातीनं दुसरे पांढरे दहा संपण्याच्या एक मणी अलीकडे चिमटा लावला आणि म्हणाली, "एक ऊन चाळीस." ऊन म्हणजे कमी, हे शाळेत बाईंनी सांगितलं असेल. बोटाखाली रंग संपायला एकच मणी उरलेला, आणि शब्दही तेच म्हणतोय. व्हर्नियर न लावता पटलं.

तर ठोकळ्यांना दोन तारे, सेवेला शून्य, माळेला पाच. पैसे वाचवायचे असतील तर दोन रंगांचे मणी बाजारातून आणा, मात्र दोरा जाड नायलॉनचा घ्या. संचातल्या दोऱ्यात दम नाही, तो गाठीपाशीच तुटला.

परवा आम्ही दोघांनी माळ पुन्हा ओवली. शेवटच्या पांढऱ्यांत नऊच भरले. दिवाण सरकवला, मणी सापडला नाही. नातीनं पहिल्यापासून मोजून खात्री केली, "नव्व्याण्णव." मग थांबून म्हणाली, "आबा, याला एकोणशंभर का नाही म्हणत?"

मला उत्तर आलं नाही. मणी दुसऱ्या दिवशी केरात सापडला.