प्लेस्टेशन ५, एक्सबॉक्स सिरीज की स्विच २? आपण कुठल्याच कंपनीचं देणं लागत नाही

सोनीचा प्लेस्टेशन, मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स की निन्टेंडोचा स्विच, कुठलाही कन्सोल म्हणजे गेम खेळायचं मशीन. त्याचे पैसे मोजले की कंपनीशी आपला हिशेब मिटला. तिची बाजू लढवणं त्या किमतीत येत नाही, आणि लढवली तर नुकसान आपलंच होतं. जून २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन या तेव्हाच्या नव्या कन्सोलसाठी दर २४ तासांनी इंटरनेटवर पडताळणी आणि वापरलेल्या डिस्कच्या फेरविक्रीवर बंधनं जाहीर केली. लोक संतापले, सोनीने आपल्याकडे असं काही नसेल हे लगेच सांगून टाकलं, आणि १९ जूनला मायक्रोसॉफ्टने दोन्ही अटी मागे घेतल्या. गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाऊ शकत होतं, म्हणून हे घडलं. त्यामुळे आज निवड करताना एवढं विचारा: उद्या इथून निघायचं ठरलं, तर बरोबर काय नेता येईल?

आधी गेम. मारिओ आणि झेल्डा हवे असतील तर चर्चा संपली. निन्टेंडोचे मोठे गेम तिच्याच मशीनवर चालतात. सोनीचे अनेक मोठे गेम पीसीवर आले आहेत, पण बहुधा बऱ्याच उशिराने. मायक्रोसॉफ्टचे गेम पहिल्याच दिवशी पीसीवर असतात आणि २०२४ पासून त्यातले काही प्लेस्टेशनवरही आले. तेव्हा फक्त तिच्या गेमसाठी एक्सबॉक्स घेण्याचं कारण उरलेलं नाही. जुन्या एक्सबॉक्सच्या डिस्क कपाटात असतील तर मात्र डिस्क ड्राइव्ह असलेला सिरीज एक्स, म्हणजे आताच्या एक्सबॉक्सचं मोठं मॉडेल, घ्यावा. एक्सबॉक्स वनचे जवळपास सगळे, आणि त्याआधीच्या एक्सबॉक्स ३६० व पहिल्या एक्सबॉक्सचे निवडक गेम तो चालवतो.

डिस्क ड्राइव्हकडे नीट बघा, कारण डिस्क विकता येते, डाउनलोड केलेला गेम विकता येत नाही. एक्सबॉक्सच्या लहान मॉडेलला, सिरीज एसला, ड्राइव्ह नाही आणि नंतर लावताही येत नाही. प्लेस्टेशन ५ स्लिमच्या डिजिटल (ड्राइव्ह नसलेल्या) आवृत्तीला आणि प्लेस्टेशन ५ प्रोला ड्राइव्ह वेगळा घेऊन जोडता येतो. पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागतं. स्विच २ ची अडचण वेगळीच आहे. त्याच्या काही गेमच्या कार्डात गेमच नसतो. ते ‘गेम-की कार्ड’ असतं: गेम पूर्ण डाउनलोड करायचा, आणि खेळताना कार्डही आत हवं. बॉक्सवर पुढे खालच्या भागात किल्लीचं चिन्ह दिसलं तर हेच समजा. ते विकता येतं, पण कंपनीचे सर्व्हर बंद झाल्यावर नव्याने घेणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. वी यू आणि ३डीएस या निन्टेंडोच्या जुन्या कन्सोलच्या ऑनलाइन दुकानातली खरेदी मार्च २०२३ मध्ये बंद झाली, हे विसरू नका.

जागा तिन्हींवर अपुरी पडते. पहिल्या प्लेस्टेशन ५ मध्ये ८२५ जीबीपैकी साधारण ६६७ जीबीच हाती येतात. सिरीज एसमध्ये मूळ ५१२ जीबी, स्विच २ मध्ये २५६. वाढवायला प्लेस्टेशन सगळ्यात मोकळा, कारण बाजारातला साधा एम.२ एसएसडी (कॉम्प्युटरसाठी मिळणारी साठवणीची पट्टी) चालतो: पीसीआयई जेन ४, वाचनाचा वेग सेकंदाला ५,५०० एमबी किंवा जास्त, आणि हीटसिंकसकट (उष्णता बाहेर टाकणारी धातूची पट्टी) जाडी ११.२५ मिमीच्या आत. आधी सॉफ्टवेअर अपडेट करा. मग मशीन रेस्ट मोडवर न ठेवता पूर्ण बंद करा आणि वायर काढा. बाजूचं कव्हर आणि स्लॉटचं झाकण उघडून आतला छोटा स्पेसर (स्क्रूखालची आधाराची कडी) तुमच्या एसएसडीच्या लांबीच्या भोकावर हलवा, मगच एसएसडी तिरका आत सरकवून स्क्रू लावा. चूक हमखास स्पेसरपाशी होते: तो जुन्याच जागी राहिला तर स्क्रू बसत नाही आणि जोर लावून बोर्ड वाकतो. एक्सबॉक्सला मागे खोचायचं खास कार्डच लागतं. काम सोपं, पण निवड मर्यादित. स्विच २ ला मायक्रोएसडी एक्सप्रेस हे नव्या, वेगवान प्रकारचं मेमरी कार्डच हवं. जुन्या मायक्रोएसडीवरून फक्त फोटो आणि व्हिडिओ आत घेता येतात.

शंभर तासांच्या खेळाचा सेव्ह, म्हणजे खेळातली प्रगती, कुठे राहतो, हे फार कमी जण आधी विचारतात. एक्सबॉक्सवर क्लाउड सेव्ह (कंपनीच्या सर्व्हरवर ठेवलेली प्रत) सगळ्यांना मोफत आहे. प्लेस्टेशनवर त्यासाठी प्लेस्टेशन प्लस हे पैसे भरायचं सबस्क्रिप्शन लागतं, आणि प्लेस्टेशन ५ च्या गेमचे सेव्ह पेनड्राइव्हवरही घेता येत नाहीत. निन्टेंडोकडेही सबस्क्रिप्शन हवं, शिवाय काही गेमना क्लाउड सेव्ह नाहीच. गेम कार्डात सेव्ह नसतो, तो मशीनमध्ये असतो. मशीन बिघडलं की तोही गेला. या एका बाबतीत मायक्रोसॉफ्ट स्पष्ट उजवी आहे.

कंट्रोलरची काठी आपोआप सरकण्याचा त्रास कुणालाच चुकलेला नाही. तिघांच्याही साध्या कंट्रोलरमध्ये काठीची हालचाल मोजणारा, घासून झिजणारा पोटेन्शिओमीटर हा भाग असतो. वॉरंटी असेल तर स्वतः उघडू नका, आधी दावा करा.

किंमत उतरेल म्हणून थांबणं आता फळत नाही. सोनीने ऑगस्ट २०२२ मध्ये अनेक देशांत प्लेस्टेशन ५ महाग केला, मायक्रोसॉफ्टने मे २०२५ मध्ये एक्सबॉक्स. जे गेम आज खेळायचेत ते आज उपलब्ध असतील तर घ्या. पुढच्या आश्वासनावर घेऊ नका. वापरलेला घेत असाल तर पैसे देण्यापूर्वी आधीच्या मालकाचं अकाउंट काढून फॅक्टरी रिसेट करून घ्या, आणि इंटरनेटला जोडून कन्सोलवरचं दुकान उघडून बघा. निन्टेंडोने बंदी घातलेला स्विच ते उघडत नाही, आणि ती बंदी मशीनवर असते, त्यामुळे नव्या अकाउंटनेही ती उठत नाही.