ओट्यावरचा कंपोस्ट डबा: स्टीलचा, मातीचा, बोकाशीचा की विजेचा?

ओट्यावर ठेवायचा कंपोस्ट डबा ऑनलाइन शोधायला बसलं की एकाच नावाखाली चार निराळ्या वस्तू समोर येतात. झाकणाचा स्टीलचा डबा, एकावर एक रचलेली मातीची मडकी, खाली तोटी असलेली बोकाशीची, म्हणजे कचरा हवाबंद आंबवायची, बादली आणि प्लगवर चालणारं यंत्र. पहिल्यात खत होतच नाही, तिसऱ्यात अर्धवट होतं आणि चौथ्यात जे होतं त्याला खत म्हणायला माझी जीभ रेटत नाही. म्हणून आधी एवढं ठरवा: डबा भरल्यावर तो रिकामा कुठे करणार?

घरी गाय किंवा दोन बकऱ्या असतील तर देठं-सालं तशीही त्यांच्याच टोपल्यात जातात. उरतो तो चहाचा चोथा, अंड्याची टरफलं आणि आंबलेलं वरण. एवढ्यासाठी पैसे घालू नका, उकिरडा आहेच. प्रश्न खरा पडतो तो ढोरं विकून टाकलेल्या घरांना आणि तालुक्याच्या गावी क्वार्टरमध्ये किंवा भाड्याने राहणाऱ्यांना.

सांदवाडीत, म्हणजे घरामागे, थोडी जागा असेल तर साधा झाकणाचा स्टीलचा डबा पुरतो. जाहिरातीत झाकणातल्या कोळशाच्या फिल्टरचं फार कौतुक असतं. तो वास थोडा अडवतो, पण काही महिन्यांनी बदलावा लागतो आणि नवा फिल्टर आपल्याकडच्या भांड्यांच्या दुकानात मिळत नाही. त्यापेक्षा बुडाशी वर्तमानपत्राची जाड घडी टाका, ओल शोषली जाते. घेताना दोनच गोष्टी पाहा. झाकण एका हाताने उघडलं पाहिजे, कारण दुसऱ्या हातात विळी नाहीतर कणीक असते. आणि डबा 5 लिटरच्या वर नको. मोठा डबा भरेपर्यंत तसाच राहतो आणि मे महिन्यात दुसऱ्याच दिवशी बोलायला लागतो. प्लास्टिकचा स्वस्त पडतो, पण त्याला वास चिकटला की जात नाही.

हा डबा रिकामा करायला नाडेप ही खत करायची पद्धत आपल्या घरचीच, विदर्भातलीच आहे. पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे, म्हणजे नाडेपकाकांनी दाखवलेलं विटांचं टाकं साधारण 10 × 6 × 3 फुटांचं असतं आणि ते एक-दोन दिवसांत एकदम भरायचं असतं. स्वयंपाकघराचा कचरा रोज मूठभर येतो, त्यामुळे ते जसंच्या तसं जमणार नाही. पण त्यातली भिंतीत भोकं सोडायची युक्ती उचला. तीन फुटांचा चौकोन, सुट्या विटा मसाल्याशिवाय रचलेल्या, मधेमधे फट. हवा आत खेळली की वास मरतो.

सांदवाडी नाही, फक्त गच्ची किंवा गॅलरी आहे, अशांसाठी माझं मत सरळ मातीच्या मडक्यांना. तीन मडक्यांचा तयार संच कुरिअरने येताना फुटण्याची भीती असते. त्यापेक्षा कुंभाराकडून दोन-तीन रुंद तोंडाची मडकी आणि झाकणं घ्या, आणि भाजण्याआधीच त्यांना बोटाएवढी भोकं पाडायला सांगा. नंतर ड्रिलने पाडायला गेलं की तडा जातो. एक भरलं की बाजूला ठेवायचं, दुसरं सुरू करायचं. पहिल्यातलं खत दोन-तीन महिन्यांत तयार होतं.

मडक्याची सगळी मदार कोरड्या मालावर असते. विकत मिळणारी कोकोपीटची पुडी इथे लागतच नाही. सोयाबीन-तुरीचं कुटार मळणीनंतर धुऱ्यावर ढिगाने पडलेलं असतं, भंडारा-गोंदियाकडे धानाची तणस आहे. एक पोतं भरून कोरड्या जागी ठेवा. ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर तेवढंच कुटार आणि सुरुवातीला एकदा शेणाचा पातळ काला, विरजण लावल्यासारखा. मग मूठभर माल काढून दाबून पाहा. तळव्याला ओल लागली आणि थेंब गळला नाही, की बरोबर. थेंब गळला तर कुटार वाढवा. नाकात झोंबणारा, मुतारीसारखा वास आला तरी तोच इलाज.

पावसाळ्यात चिलटं आणि अळ्या होणारच. बोटाच्या पेराएवढ्या चपट्या तपकिरी अळ्या दिसल्या तर किळस येईल, पण त्या कचरा झपाट्याने खातात आणि चावत नाहीत. पाहवत नसेल तर कुटाराचा जाड थर द्या. उन्हाळ्याचं दुखणं याच्या उलट. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा 45 च्या वर गेला की भोकांतून ओल उडून जाते, सालं कडकडीत वाळतात आणि कुजणं थांबतं. मडकी सावलीत सरकवा आणि एक-दोन दिवसांआड पाण्यात घोटलेलं ताक शिंपडा. गांडुळांचा डबा मात्र याच उन्हामुळे मी सुचवणार नाही. 35 अंशांच्या पुढे गांडुळं तगत नाहीत.

बोकाशीचा गुण म्हणजे शिजलेलं अन्न, मटणाचे तुकडेसुद्धा चालतात. मडक्यात हे टाकलं की मांजरी आणि उंदीर आलेच. यात कचरा हवाबंद आंबवतात. थरावर बोकाशीचा कोंडा (आंबवणारे जिवाणू लावलेला), झाकण घट्ट, दोन-तीन दिवसांनी तोटीतून पाणी काढायचं. ते शंभर पट पाण्यात मिसळूनच झाडांना द्यायचं, तसंच ओतलं तर मुळं करपतात. भरल्यावर बादली पंधरा दिवस बंद ठेवायची, म्हणजे दुसरी बादली लागतेच. आणि आत निघतं ते लोणचं! ते मातीत पुरून आणखी काही आठवडे थांबावं लागतं. कोंडाही पुन्हा पुन्हा मागवावा लागतो. ज्यांना माती आहे पण मडकं ढवळायला वेळ नाही, त्यांच्यासाठी ठीक.

विजेचं यंत्र कचरा तापवून, वाळवून दळतं. पाच आकडी किंमत, वर दर फेरीला वीज, आणि भारनियमनात फेरी अर्ध्यावर. बाहेर येणारी पूड कुजलेली नसते. कुंडीत टाकून पाणी घातलं की तिला बुरशी चढते, म्हणून ती मातीत मिसळून मुरवावीच लागते.

काटोल, वरुड, मोर्शीकडच्यांसाठी एक वेगळी सूचना. संत्र्याच्या दिवसांत सालींचा ढीग एकदम मडक्यात ओतू नका, त्यांतल्या तेलामुळे कुजणं मंदावतं. बारीक चिरून, दोन दिवस उन्हात वाळवून, थोड्या थोड्या टाका. आंब्याच्या कोयी आणि सीताफळाच्या बिया मात्र बाहेरच ठेवा. त्या खतातून जशाच्या तशा निघतात, नाहीतर कुंडीत रोपं उगवतात.