रात्री साडेदहाचा डाउट: अ‍ॅप की गल्लीतले सर?

लेक अकरावी सायन्सला गेली आणि महिन्याभरात मी घरचा फिजिक्सवाला म्हणून निवृत्त झालो. मेकॅनिकलचा डिप्लोमा केलाय खरा, पण वीस वर्षांत व्हेक्टर गंजले. मोठा क्लास नकोच होता. शंभर पोरांत डाउट विचारायला हात वर करणाऱ्यांतली आमची नाही. उरले दोन मार्ग. गणिताचा फोटो काढला की उत्तर देणारं अ‍ॅप, नाहीतर चार घरं सोडून राहणारे एक निवृत्त सर. पाच महिने दोन्ही सोबत चालवून पाहिले.

अ‍ॅपचं आधी सांगतो, कारण त्याच्यावर अन्याय नको. रात्री साडेदहाला सरांची कडी वाजवता येत नाही. अ‍ॅप जागंच असतं. गणितात तर ते फारच कामाला येतं. इंटिग्रेशनमध्ये सब्स्टिट्यूशन कुठलं घ्यायचं, त्रिकोणमितीच्या ‘सिद्ध करा’मध्ये पुढची एक ओळ काय, एवढंच अडलेलं असतं. ती ओळ दिसली की गाडी सुटते. (आलेख पाहायला जिओजेब्रा आहेच, तेही फुकट.) पैशाचं म्हणाल, तर सरांची दोन महिन्यांची फी म्हणजे अ‍ॅपचं अख्खं वर्ष.

सरांचे तोटेही कमी नाहीत. बसणार मंगळवार-शुक्रवार. लग्नसराईत गावाला गेले की आठवडा कोरडा. प्रश्नाला उत्तर म्हणून प्रश्नच विचारतात. पहिल्या दिवशी पोरगी दीड तासात एकच न्यूमेरिकल सोडवून घरी आली, तेव्हा मी मनात फीचा हिशोब मांडला होता.

पण माझ्यापुरता निकाल लागला तो प्लस-मायनसवरून. गणित साधंच होतं: १५ मीटर उंच गच्चीवरून चेंडू सेकंदाला १० मीटर वेगाने सरळ वर फेकला, जमिनीवर किती वेळात पडेल? जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण, १० धरा. लेकीने वरची दिशा प्लस धरली, वेग अधिक १०, जी उणे १०, इथवर ठीक. पण विस्थापन, म्हणजे सुरुवातीच्या जागेपासून शेवटच्या जागेपर्यंतचं दिशेसकट अंतर, अधिक १५ घातलं. वर्गसमीकरणाचा डिस्क्रिमिनंट (सूत्रात वर्गमुळाखाली येणारी संख्या) आला उणे ८, म्हणजे वर्गमूळच निघेना. अडली. अ‍ॅपने फोटो पाहून तीन सेकंद हे उत्तर दिलं, अगदी बरोबर. फक्त त्याने खालची दिशा प्लस धरली होती. तिने उतरवून घेतलं. पुढच्याच गणिताला त्याच अ‍ॅपने वरची दिशा प्लस धरली. उत्तरं वेगवेगळ्या हातांनी लिहिलेली असावीत, असं आपलं मला वाटतं. दोन्ही रीती बरोबरच, पण शिकणाऱ्या पोराच्या डोक्यात त्यांची भेळ होते. युनिट टेस्टला असंच गणित आलं तेव्हा हिने सगळंच प्लस घातलं आणि उत्तर काढलं १ सेकंद. म्हणजे चेंडू वर फेकलाच नव्हता, त्याच वेगाने खाली आपटला होता!

सरांनी प्रश्न वाचलाच नाही, आधी तिची वही मागितली. “चेंडू शेवटी कुठे गेला गं, गच्चीच्या वर की खाली?” “खाली, सर.” “मग पंधराच्या मागे काय लागेल?” झालं एवढंच. समीकरणातून दोन उत्तरं आली, ३ आणि उणे १. वेळ ऋण नसतो, म्हणून दुसरं सोडून द्या, असं अ‍ॅपने लिहिलं होतं. सर म्हणाले, “सोडतेस कशाला? एक सेकंद आधी कुणी अंगणातून २० च्या वेगाने फेकला असता, तर गच्चीपाशी तो किती वेगाने पोचला असता, काढ बघू.” काढलं तर बरोबर १०. उणे एकाचा अर्थ पोरीला कळला, आणि खरं सांगायचं तर मलाही त्याच संध्याकाळी.

हल्लीचे बोलणारे एआय वहीचा फोटो वाचतात आणि ‘फक्त हिंट दे’ म्हटलं तर हिंट देतातही. तिची चूक नेमकी दाखवल्याचं मी दोनदा पाहिलंय. पण डोळे मिटायला लागले की ‘उत्तर दे’ म्हणायला कितीसा वेळ लागतो? सरांकडे ती सोय नाही.

तुमचं मूल बारावीत असेल, पाया बरा असेल आणि सीईटीला गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत उडवायचा सराव हवा असेल, तर अ‍ॅप घ्या, खुशाल. अकरावीच्या पहिल्या सहामाहीत मात्र जवळपास कुणी वही बघणारं मिळतंय का ते आधी शोधा. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षातला शेजारचा दादाही चालेल. आमचं सबस्क्रिप्शन जूनपर्यंत आहे. लेक हल्ली ते उत्तर ताडून पाहायलाच उघडते, तेही कोपऱ्यात वर जाणारा बाण काढून त्याच्याशेजारी प्लस लिहिल्यावर.