रुईया की बांदोडकर? ठाण्यातल्या मुलांनी एक नंबरला काय टाकावं

अकरावीच्या फॉर्मचा भाग दोन, म्हणजे कॉलेजांचे पसंतीक्रम भरायचा, उघडला की ठाण्यातल्या सायन्सवाल्या घरांत दरवर्षी हीच चर्चा सुरू होते, एक नंबरला माटुंग्याचं रुईया टाकायचं की ठाण्यातलंच बांदोडकर. मार्क नव्वदीच्या वर असतात, दोन्हीकडे लागेल अशी आशा असते, आणि पोरगं किंवा पोरगी मनाने कधीच माटुंग्याला पोचलेली असते. मी दोन्हीकडे शिकलोय, अकरावीपासून बीएस्सीपर्यंत बांदोडकर आणि नंतर एमएस्सीला रुईया, त्यामुळे लिहावंसं वाटलं. फी, विषय, मागच्या वर्षीचा कटऑफ हे सगळं पोर्टलवर मिळतं, ते इथे परत सांगत बसत नाही.

आधी एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या कारण बरेच जण तिथेच अडकतात. पसंतीक्रम दहा भरता येतात, पण पहिल्या क्रमांकाचं कॉलेज लागलं की तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून तुम्ही बाहेर. दोन ते दहामधलं काही लागलं तर थांबून पुढची फेरी बघता येते. म्हणजे 'टाकून तर ठेवू, लागलं की बघू' हे एक नंबरच्या बाबतीत चालत नाही. जे काही ठरवायचं ते फॉर्म लॉक करायच्या आधी ठरवा, घरात बसून, शांतपणे.

आता रुईया. त्या कॉलेजबद्दल वाकडं बोलायला माझ्याकडे काही नाहीच. आमच्या घरात तर ते लहानपणापासूनचं आहे, आई रुईयाची, तिला मराठी शिकवायला पुष्पाबाई भावे होत्या, आणि त्या तासांबद्दल ती आजही बोलायला लागली की जेवण गार होतं. १९३७ सालचं कॉलेज, शेजारी पोदार, थोडं पुढे खालसा, व्हीजेटीआय, आयसीटी, म्हणजे तो अख्खा पट्टाच विद्यार्थ्यांचा आहे. रुईया नाक्यावर दिवसाच्या कुठल्याही वेळी उभं राहा, कोणी जर्नल पूर्ण करतंय, कोणी एकांकिकेचं स्क्रिप्ट वाचून दाखवतंय, कोणी नुसतंच भांडतंय. फाइव्ह गार्डनला झाडाखाली बसून अभ्यास होतो, पाय मोकळे करायचे तर किंग्ज सर्कलपर्यंत चालत जाऊन उडप्याकडे फिल्टर कॉफी होते. आणि नाटक! आयएनटी, सवाई या एकांकिका स्पर्धांची नावं ज्यांना माहीत आहेत त्यांना रुईयाचं नाट्यवलय, म्हणजे तिथला नाटकाचा ग्रुप, काय चीज आहे हे वेगळं सांगायला नको. दहावीतली मुलं रुईयाची स्वप्नं बघतात ती उगाच नाही बघत, आणि आईवडिलांनी ती हसण्यावारी नेऊ नयेत असं मला मनापासून वाटतं.

बांदोडकरची अशी स्वप्नं फारसं कोणी बघत नाही हे खरंय. ठाण्यात तर त्याला धड स्वतःच्या नावानेही कोणी ओळखत नाही, रिक्षावाल्याला 'जोशी-बेडेकर' सांगितलं की तो चेंदणी बंदर रोडवर आणून सोडतो कारण विद्या प्रसारक मंडळाची ठाण्यातली ही कॉलेजं तिथे एकाच आवारात आहेत. मंडळ १९३५ चं. स्टेशनवरून चालत पंधरा मिनिटं फार तर. आणि आवाराच्या मागे खाडी, जी शाळेत असताना आम्ही फक्त ट्रेनमधून बघितली होती.

या खाडीबद्दल जरा जास्त लिहितो, कारण ब्रोशरमधून ती कळत नाही. झूलॉजीच्या मॅडम आम्हाला एकदा ओहोटीच्या वेळी काठावर घेऊन गेल्या. वरून बघितलं तर नुसता काळा चिखल, तिवरांची बोटभर उंचीची मुळं वर आलेली, आणि वास. मॅडम म्हणाल्या, बोलू नका, हलू नका, बघत राहा. दोनेक मिनिटांनी तो चिखल हलायला लागला. निवटे. एवढेसे मासे, डोळे डोक्यावर आलेले, पुढच्या परांवर रेटा देत चिखलातून सरकणारे, मध्येच टुणकन उडी मारणारे, आणि त्यांच्या बाजूला छोटे खेकडे, एकच मोठा आंगडा हलवत बसलेले. पाण्याबाहेर मासा श्वास कसा घेतो हे पुस्तकात एका ओळीत होतं, तिथे उभं राहून आम्ही त्यावर तासभर बोललो. आज याच खाडीचा खालचा भाग फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ मध्ये त्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जाही मिळाला. बायोलॉजी आवडणाऱ्या मुलाला कॉलेजच्या मागच्या बाजूला हे मिळत असेल तर ती छोटी गोष्ट नाही, निदान माझ्यासाठी तरी नव्हती.

पण मी बांदोडकर निवडलं ते खाडीमुळे नाही, खाडी नंतर कळली. निवडलं ते संध्याकाळमुळे.

म्हणजे बघा, रुईया आपल्याला का आवडतं? लेक्चरसाठी? पुस्तकं तीच, बोर्ड तोच, बारावीचा पेपर तोच. आवडतं ते लेक्चर संपल्यानंतरच्या रुईयासाठी. नाक्यावरचा अड्डा, तालमी, फेस्टची तयारी, सीनियर्सशी गप्पा, हे सगळं चार-पाचनंतर रंगात येतं. आणि ठाण्याच्या, त्यातही स्टेशनपासून लांब राहणाऱ्या मुलाला नेमकं तेव्हाच निघावं लागतं. माझ्या ताईचं हेच झालं, ती माझ्या आधी अकरावीला रुईयाला होती आणि आम्ही तेव्हा वर्तकनगरला राहायचो. नाट्यवलयात जायचं म्हणून तर तिने रुईया घेतलं होतं. पण सहा वाजले की आईचा फोन, निघालीस का, आणि ती निघायची, कारण नाही निघाली तर पुढचं सगळंच लांबायचं. माटुंग्याला फास्ट थांबत नाही. स्लो घ्यायची तर मधे शीव, कुर्ला, विद्याविहारपासून मुलुंडपर्यंत सगळी स्टेशनं, पाऊण तास, आणि संध्याकाळची स्लो दादरलाच भरून येते, त्यामुळे बसायला मिळणं विसरा, दप्तर पुढे घेऊन दोन्ही हात वर. नाहीतर उलटं दादरपर्यंत चालत जाऊन फास्ट पकडायची, तिथे चढता आलं तर. मग ठाण्याला शेअर रिक्षाची लाइन. घरी येईपर्यंत साडेआठ, जेवण, आणि मग जर्नल उघडलं की डोळे मिटायला लागायचे. शेवटी तिने नाटक सोडलं. रुईया नाही सोडलं, नाटक सोडलं. यात कॉलेजची काही चूक नाही, कॉलेजने तिला बोलावलंच होतं, अंतराने जाऊ दिलं नाही.

हे मी घरात रोज बघत होतो, म्हणून माझी वेळ आली तेव्हा बांदोडकर वर आणि रुईया दोन नंबरला टाकलं. आईला थोडं वाईट वाटलं असणार, ती काही बोलली नाही.

आणि मला रोजची संध्याकाळ मिळाली. प्रॅक्टिकल पाचला संपलं तरी घाई नाही, कॅम्पसमध्ये बसा, लायब्ररीत बसा, मित्राबरोबर तलावपाळीला एक चक्कर मारा, गडकरी रंगायतनला नाटकाचा प्रयोग असेल तर चालत जाऊन तिकीट काढा. फेस्टच्या आधीच्या आठवड्यात आम्ही रात्री नऊपर्यंत पोस्टर रंगवत बसायचो आणि साडेनऊला मी घरी जेवत असायचो. क्लासही ठाण्यातच होता त्यामुळे कॉलेज आणि क्लास यांची मारामारी झाली नाही, आणि सायन्सच्या मुलांसाठी हा मुद्दा किती मोठा आहे ते अकरावीचे पहिले एक-दोन महिने गेले की कळतं. कॉलेजचे पहिले महिने म्हणजे भर पावसाळा, कुर्ला-शीवला पाणी भरलं की काय होतं ते ठाणेकरांना मी काय सांगणार.

तोटाही सांगतो, लपवत नाही. पहिल्या दिवशी वर्गात गेलो तर शाळेतली पाच-सहा तोंडं समोर, जुनी चिडवायची नावंसुद्धा बरोबर आलेली. ठाणं सुटत नाही. गोखले रोडवर कोणाबरोबर दिसलात की संध्याकाळी घरी कळलेलं असतं. रुईयाला गिरगावपासून वसईपर्यंत आणि इकडे बदलापूरपर्यंतची मुलं एका बाकावर असतात, त्याने माणूस मोकळा होतो, हे मी एमएस्सीला स्वतः अनुभवलं. तुम्हाला ठाण्याबाहेर पडायचंच असेल, तेच मुख्य कारण असेल, तर ते कारण खोटं नाही आणि त्यासाठी प्रवास करणारे आनंदाने करतात.

एमएस्सीला मला रुईया झेपलं, आवडलं, अगदी हवं तसं मिळालं, कारण तेव्हा क्लास नव्हता, घरून फोन नव्हता, उशीर झाला तर दादरच्या मित्राकडे राहायचो. पंधराव्या-सोळाव्या वर्षी यातलं काहीच हातात नसतं. म्हणून मला आपलं वाटतं की रुईयाचं स्वप्न सोडायचं नाही, पण ते अकरावीलाच पूर्ण झालं पाहिजे असंही नाही, डिग्रीला किंवा त्यानंतरही जाता येतं. हां, एक आहे, बारावीनंतर कॉलेजची स्वतःची मुलं आधी घेतात, बाहेरच्यांना उरलेल्या जागांत यावं लागतं, त्यामुळे डिग्री रुईयातूनच करायची असं पक्कं असेल तर अकरावीला घुसण्यात फायदा आहे, हे कबूल.

मुलुंडला किंवा अगदी नौपाड्यात, स्टेशनपासून चालत राहत असाल तर माझं अर्धं म्हणणं बाद होतं, तुम्ही खुशाल रुईया एक नंबरला टाका. आजी-आजोबा किंवा मामा दादर-माटुंग्याला असतील तर विचारही करू नका, रुईयाच. ऐरोली, रबाळे, घणसोलीच्या मुलांना ट्रान्सहार्बरने ठाणं जवळ पडतं, त्यांनी बांदोडकर बघावं. वाशी-नेरूळवाल्यांचं वेगळं आहे, त्यांना हार्बरने वडाळा आणि पुढे बस असं जमतं, पण त्यांना ठाण्यापर्यंत यायची गरजच काय, नवी मुंबईतच पर्याय आहेत. घोडबंदर रोडवाल्यांना मात्र मी कळकळीने सांगेन, कापूरबावडी, माजिवडा ओलांडून स्टेशनला पोचण्यातच तुमचा निम्मा जीव जातो, त्यावर अजून माटुंगा चढवू नका. मेट्रो चारचं काम २०१८ पासून बघतोय आपण सगळे, ती झाली की गणित बदलेल कदाचित, पण ती झाल्यावर.

तरीही मन रुईयावरच असेल तर एक करा. कॉलेज बघायला सकाळी जाऊ नका, सकाळी ते कोणालाही आवडतं. दुपारी जा, नाक्यावर फिरा, कॉफी प्या, आणि सहा-साडेसहाला, वर्किंग डेला, दप्तर पाठीवर घेऊन माटुंग्याहून स्लो पकडून घरापर्यंत या. आईबाबांपैकी एकाला बरोबर घ्या. घरी आल्यावर लगेच झोपू नका, तासभर अभ्यासाला बसून बघा, आणि मग फॉर्म उघडा.