जमीन मोजायला साखळी की रोव्हर?

गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, हे सगळ्यांना पाठ असतं. पण हा आकडा आला कुठून? साखळीतून. जुन्या मुंबई इलाख्यात मोजणीची साखळी ३३ फुटांची आणि तिचे भाग १६ आणे. ३३ गुणिले ३३ म्हणजे एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. इंग्लंडमधल्या गुंटरची साखळी ६६ फुटांची, आपली बरोबर तिच्या निम्मी.

साखळीच्या जोडीला शंकू. काठीवर बसवलेल्या डोक्याला काटकोनात चिरा. त्यातून बघून मुख्य रेषेपासून बांधाच्या वळणापर्यंत लंब टाकायचा. शेताचे त्रिकोण आणि समलंब चौकोन पाडले की क्षेत्रफळ कागदावर निघतं. गैरसोयीही होत्याच: कड्या ओढून-ओढून साखळी लांबते, उन्हात प्रसरण पावते, आणि काळ्या रानात चिखलानं भरली की ओढणाऱ्याचे हाल विचारू नका.

रोव्हर म्हणजे काठीवर बसवलेलं, उपग्रहांच्या संदेशांवर चालणारं मोजणीयंत्र. त्याला यातलं काही नको. काठी कोपऱ्यावर उभी धरायची, उपग्रहांचे संदेश आणि नेमकी जागा ठाऊक असलेल्या स्थिर केंद्राकडून त्यांतल्या चुकीची दुरुस्ती मिळाली की काही सेंटिमीटरच्या फरकात जागा कळते. दाट आमराईत मात्र तो रुसतो.

नवी मोजणी असेल तर मी डोळे झाकून रोव्हर घेईन. हद्दीच्या भांडणात मात्र थांबेन. मूळ नकाशा साखळीनं झालेला असेल, तर तिची फूटभर चूक रोव्हर सेंटिमीटरपर्यंत दाखवतो; पण बांध कुणाचा, हे त्याला कुठं ठाऊक!