चुंबक की बारीकसा करंट?

रामबागेतल्या मावशीचा मुलगा स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या नेमाने घेतो, तरी कानातले आवाज पुरते थांबत नाहीत. डॉक्टरांनी दोन मार्ग सांगितले, आरटीएमएस आणि टीडीसीएस, तेव्हा मावशी दचकली, "शॉक देणार का रे त्याला?" तसं नाही. दोन्हींत भूल नाही, मुद्दाम आणलेली फिट नाही.

आरटीएमएस म्हणजे मेंदूला चुंबकाचे ठोके पुन्हा पुन्हा देणं. त्यात डाव्या कानाच्या वर, थोडी मागे, चुंबकाची कॉइल धरतात. बोलणं समजून घेणारा मेंदूचा भाग तिथे असतो, तो शांत करायला साधारण सेकंदाला एक ठोका. खटखट एवढी की कानात बोळे घालावे लागतात. आवाजांवरचा इलाजही आवाजीच! हॉफमन यांच्या चमूने 2000 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात याचे आशादायक निकाल छापले. पुढच्या चाचण्यांत गुण कधी दिसला, कधी नाही. क्वचित फिट येऊ शकते. डोक्यात धातू किंवा पेसमेकर असेल तर आधीच सांगायचं.

टीडीसीएस म्हणजे डोक्यातून बारीकसा करंट सोडणं. त्याचं यंत्र छोटं नि बरंच स्वस्त. डोक्यावर दोन ओले स्पंज, 2 मिलिअँपिअर करंट, 20 मिनिटं. फ्रान्समधल्या 2012च्या चाचणीत 30 रुग्ण होते. दिवसातून दोनदा, पाच दिवस. आवाज कमी झाले, पण हाही निकाल पुढे प्रत्येक वेळी तसाच आला नाही. त्रास म्हणजे खाज, चुणचुण.

माझा कौल आधी टीडीसीएसला, गोळ्या चालू ठेवूनच. मावशीने पिशवीत जुना टॉवेल टाकलाय. स्पंजचं खारं पाणी मानेवर ओघळतं म्हणे.